धडा शिक्षिकेचा, मालकी कोणाची?

घरबसल्या मोबाइलवर शिकवणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. पण आपण तयार केलेल्या धड्यावर आपलाच हक्क राहतो का, हा प्रश्न फारच थोडे जण विचारतात. बहुतेकांना तो सुचतो, तेव्हा करारावर सही होऊन गेलेली असते.

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातील कॉलेज रोड म्हणजे शिक्षणाचीच गल्ली. १९१५ साली सुरू झालेले विमेन्स ख्रिश्चन कॉलेज याच रस्त्यावर आहे. तमिळनाडूच्या शालेय शिक्षण खात्याचा मोठा परिसरही येथेच आहे. २०२२ मध्ये त्याला प्राध्यापक अनबळगन यांचे नाव देण्यात आले, तरी रिक्षावाल्यापासून शिक्षकांपर्यंत सगळे त्याला अजून ‘डीपीआय’ असेच म्हणतात. राज्याची शालेय पुस्तके काढणाऱ्या पाठ्यपुस्तक महामंडळाचे कार्यालय याच परिसरात आहे. आपल्याकडे पुण्याच्या ‘बालभारती’चे जे स्थान, तेच तिकडे या महामंडळाचे.

२०१८ पासून तमिळनाडूत नवी पाठ्यपुस्तके आली. धड्याशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, छापलेला असतो. मोबाइल त्यावर धरला की त्या धड्याची चित्रफीत किंवा अधिक माहिती पडद्यावर येते. ही पद्धत मराठी वाचकांना नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती आधीच वापरली होती. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पाठ्यपुस्तक उघडून पाहिले, तर मालकीचा कारभार चोख दिसतो. प्रकाशक संस्थेचे नाव ठळक असते, पुस्तक घडवणाऱ्या शिक्षकांची आणि तज्ज्ञांची यादीही दिलेली असते. पुस्तक कोणी लिहिले आणि हक्क कोणाचा, या दोन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट असतात. सरकारी मंडळाच्या पुस्तकाला ही शिस्त आहे. पण घरातल्या खोलीत भिंतीवर फळा टांगून, मोबाइल उभा करून शिकवणाऱ्या गृहिणीच्या धड्याला अशी शिस्त कोण लावणार?

एका चित्रफितीत तीन हक्क

समजा, एक शिक्षिका दहावीचे बीजगणित शिकवते. वीस वर्षांच्या अनुभवातून तिने स्वतःच्या टिपणवह्या तयार केल्या आहेत. कोणते उदाहरण आधी घ्यायचे, मुले नेमकी कुठे अडखळतात, तेथे कोणती युक्ती सांगायची, हे सारे तिचे आहे. २०२० च्या टाळेबंदीत एका खासगी क्लासने तिला विचारले. ती त्यांच्या स्टुडिओत गेली, चाळीस धडे चित्रित झाले, ठरलेली रक्कम मिळाली. दोन वर्षांनी तिने तो क्लास सोडला. तिचे धडे मात्र अजूनही विकले जात आहेत. पडद्यावर चेहरा तिचा, आवाज तिचा, युक्त्या तिच्या, पैसे दुसऱ्याचे. शिवाय तेच धडे तिला स्वतःच्या नावाने पुन्हा शिकवता येतील का, याचीही तिला खात्री नाही.

या प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही अशा एका शब्दात मिळत नाही. कारण वरवर एकच दिसणाऱ्या चित्रफितीत कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळे हक्क असतात.

पहिला हक्क लिखाणाचा. टिपणे, सोडवलेली उदाहरणे, प्रश्नसंच हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीत मोडतात. ते ज्याने लिहिले तो त्यांचा पहिला मालक. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो मुलाबाळांनाही मिळतो.

दुसरा हक्क सादरीकरणाचा. कायद्याने ‘कलावंत’ कोणाला म्हणायचे, याची यादीच दिली आहे. नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्याच रांगेत व्याख्यान देणाऱ्याचेही नाव आहे. आपले व्याख्यान कोणी चित्रित करावे आणि कोणी करू नये, हे ठरवण्याचा अधिकार त्यालाही आहे. हा अधिकार ५० वर्षे टिकतो.

तिसरा हक्क खुद्द चित्रफितीचा. तो मात्र शिकवणाऱ्याचा नसून निर्मात्याचा असतो. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो निर्माता. शिक्षिकेने स्वतःच्या घरी, स्वतःच्या मोबाइलवर धडा चित्रित केला तर निर्माती तीच, आणि तिन्ही हक्क तिच्याच पदरात. क्लासने स्टुडिओ, कॅमेरा आणि खर्च उचलला तर चित्रफीत क्लासची. मात्र त्यामुळे तिच्या टिपणवह्या आपोआप क्लासच्या होत नाहीत. त्यासाठी तिने तसे लिहून दिलेले असावे लागते.

नोकरी की कामापुरता करार?

येथे आणखी एक प्रश्न येतो. ती शिक्षिका क्लासची पगारी नोकर होती की कामापुरती बोलावलेली?

नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, असे कायदा सांगतो. वेगळा करार केला असेल, तरच हे बदलते. उलट बाहेरून येऊन ठराविक काम करून देणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर केंद्रीय शिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिकांचा वाद आला होता. प्रश्नपत्रिका काढणारे प्राध्यापक मंडळाचे नोकर नव्हते आणि त्यांनी आपले हक्क लेखी दिलेले नव्हते. त्यामुळे प्रश्नपत्रिकेचा हक्क ती काढणाऱ्याचाच, असे न्यायालयाने म्हटले. ‘पैसे दिले, म्हणजे माल आमचा’ हा बाजारातला न्याय येथे चालत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

नोकरीत असणाऱ्यांनीही अगदीच निराश होण्याचे कारण नाही. केरळमध्ये टॉम्स या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले व्यंगचित्रकार ‘बोबन आणि मोली’ ही बहीणभावंडांची चित्रमालिका काढत. १९८७ मध्ये त्यांनी ‘मलयाळ मनोरमा’ची नोकरी सोडली, तेव्हा पात्रे कोणाची यावरून वाद केरळ उच्च न्यायालयात गेला. टॉम्स यांनी ही पात्रे नोकरीला लागण्यापूर्वीच घडवली होती. त्यामुळे पुढे ती रेखाटण्यापासून त्यांना रोखण्यास न्यायालयाने नकार दिला. नोकरीपूर्वी आपण काय तयार केले होते, याचा पुरावा जवळ असणे किती मोलाचे, हे यातून शिकण्यासारखे आहे.

एक मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नाटक आणि चित्रपटाच्या वादात सांगितले, की कल्पनेवर कोणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर. वर्गसमीकरण सोडवण्याची रीत कोणाच्या मालकीची नाही. पुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना परितेवाडीतून कुठेही जाऊ शकते. पण ती रीत समजावताना वापरलेले शब्द, उदाहरणे, आकृत्या आणि त्यांचा क्रम हे शिकवणाऱ्याचे असते. म्हणूनच क्लास सोडलेली शिक्षिका बीजगणित शिकवू शकते. तिने हक्क लिहून दिले नसतील, तर तिच्या जुन्या टिपणांतूनही शिकवू शकते.

कवीच्या गाण्यांची गोष्ट

उद्या कोणते नवे माध्यम येईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. म्हणूनच सही करताना सावध राहायला हवे. याचे उदाहरण चेन्नईतच घडले आहे.

तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती १९२१ मध्ये याच शहरात वारले. तेव्हा तमिळ बोलपट नव्हता, मद्रासमध्ये आकाशवाणीचे केंद्रही नव्हते. पुस्तकांच्या विक्रीपलीकडे कवितेला मोल येईल, असे घरच्यांना वाटण्याचे कारण नव्हते. पुढे पहिला तमिळ बोलपट १९३१ मध्ये आला, त्यामागून रेडिओ आला आणि भारतींची गाणी घरोघरी पोहोचली. दरम्यान त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे आणि प्रसारणाचे हक्क हातोहात विकले गेले होते. शेवटी ते चित्रपटनिर्माते ए. व्ही. मेय्यप्पन यांच्याकडे आले. ‘बिल्हणन’ या चित्रपटात भारतींचे गीत वापरल्याबद्दल नट टी. के. षण्मुगम यांच्यावर हक्कभंगाचा आक्षेप आला, तेव्हा लोक चिडले. राष्ट्रकवीची गाणी कोणा एकाची मालमत्ता कशी, असा सवाल झाला. मेय्यप्पन यांनी आपल्याकडील हक्क सोडले, आणि १९४९ मध्ये मद्रास सरकारने भारतींच्या साहित्याचे हक्क घेऊन पुढे ते जनतेला खुले केले. लेखकाच्या वारसांना मोबदला देऊन त्याचे साहित्य सर्वांसाठी मोकळे करण्याची प्रथा तमिळनाडूत तेव्हापासून रुजली. आजवर शंभराहून अधिक लेखकांचे साहित्य असे खुले झाले आहे.

भारतींना सरकार मिळाले. दहावीचे बीजगणित शिकवणाऱ्या बाईंसाठी कोणी मोर्चा काढणार नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीने कायद्याने तिला एक आधार दिला आहे. हक्क देताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यवहारात आले नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाचा हक्क दिला असे मानले जात नाही. म्हणजे त्या दुरुस्तीनंतरच्या एखाद्या करारात केवळ छापील गाइडाचे हक्क दिले असतील, तर त्यानंतर निघालेल्या एखाद्या नव्या माध्यमावर प्रकाशकाला परस्पर दावा सांगता येत नाही.

‘मान्य आहे’ या बटणाची किंमत

आता करार कागदावरच होतो असे नाही. मोबाइलवर ‘मान्य आहे’ या शब्दांवर बोट टेकवले, तरी करार होऊ शकतो. तो केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे म्हणून अवैध ठरत नाही. किराणा आणताना बिल दोनदा तपासणाऱ्या घरातही ही पाने मात्र न वाचताच पुढे ढकलली जातात.

या अटी सगळीकडे सारख्या नसतात. यूट्यूबवर धडा टाकला तर मालकी टाकणाऱ्याचीच राहते. तो दाखवण्याचा परवाना फक्त कंपनीला मिळतो. ‘युडेमी’सारख्या अभ्यासक्रम विकणाऱ्या मंचावरही मालकी शिकवणाऱ्याचीच असते. तेथून अभ्यासक्रम काढून घेता येतो, पण ज्यांनी तो आधीच विकत घेतला आहे त्यांना तो पाहता येत राहतो. शिकवणी वर्गांचे आणि खासगी कंपन्यांचे करार मात्र अनेकदा वेगळे असतात. त्यांत ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे आणि जगभर’ असे एकच लांबलचक वाक्य असू शकते. त्या एका वाक्यात शिक्षिकेची वीस वर्षे जाऊ शकतात.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. २०२४ मध्ये युडेमीने शिक्षकांचे अभ्यासक्रम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी वापरण्याची योजना आणली. ज्यांना हे नको होते, त्यांनी ठराविक मुदतीत तसे कळवायचे होते. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांची संमती गृहीत धरली गेली. अशा सूचना बहुधा ईमेलने येतात, आणि जाहिरातींच्या ढिगात त्या न उघडताच पडून राहतात.

याच्या दुसऱ्या टोकाला स्वखुशीने ज्ञान वाटणारेही आहेत. चेन्नईच्याच आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने चालणाऱ्या एनपीटीईएल या उपक्रमातील प्राध्यापकांची व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तमिळनाडूची पाठ्यपुस्तकेही संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. ज्ञान वाटणे चांगलेच आहे. पण आपण काय देत आहोत हे समजून देणे वेगळे आणि न कळत हातचे जाणे वेगळे.

नाव पुसता येत नाही

सगळे हक्क विकून टाकले, तरी एक गोष्ट निर्मात्याकडे उरतेच. कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड थांबवण्याचा त्याला अधिकार असतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले आणि त्याची नासधूस झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश सरकारला दिला. शिल्प सरकारने विकत घेतले होते, तरी कलावंताचा मान विकत घेतला नव्हता. शिक्षिकेच्या टिपणांवरून तिचे नाव पुसून दुसऱ्याचे घातले, तर तिला याच तत्त्वाचा आधार आहे.

सही करण्यापूर्वी

कराराचा कागद समोर आला, की एवढ्या गोष्टी जरूर पाहाव्यात :

• हक्क कायमचा द्यायचा आहे की ठराविक मुदतीचा परवाना? शक्यतो परवानाच द्यावा.

• मुदत आणि प्रदेश लिहिले आहेत का? हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे मानतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द शोधून वाचावेत.

• मोबदला एकरकमी आहे की विक्रीवर? दर विक्रीमागे वाटा ठरला असेल तर हिशेब कधी आणि कसा मिळणार?

• टिपणे आणि चित्रफीत यांचा उल्लेख वेगवेगळा आहे का? चित्रफीत द्यावी, पण टिपणांचा हक्क स्वतःकडे ठेवावा.

• क्लास सोडल्यावर धडे किती काळ चालणार? तेच विषय दुसरीकडे शिकवण्यास मनाई तर नाही ना?

• चेहरा, आवाज किंवा धडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वापरण्याची परवानगी कुठे दडलेली तर नाही ना?

‘आपल्यात कसला करार’ असे म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनही दोन ओळी लिहून घ्याव्यात. त्यात संकोच नको. बोली व्यवहारात स्मरणशक्ती दोघांचीही सोयीस्कर होत जाते.

चोरी झाली तर

कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कृती लिहिली किंवा चित्रित केली की हक्क निर्माण होतो. तरीही वाद झाल्यास नोंदणीचा दाखला कामी येतो. साहित्यकृतीसाठी नोंदणी शुल्क ५०० रुपये आणि चित्रफितीसाठी ५,००० रुपये आहे. नोंदणी नाही केली, तरी टिपणवह्यांवर तारीख घालावी, मूळ फायली जपून ठेवाव्यात, कराराची प्रत घरच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी.

आपला धडा कोणी परस्पर आपल्या नावाने टाकला, तर प्रथम त्या मंचाकडे लेखी तक्रार करावी. २०१३ च्या कॉपीराइट नियमांनुसार योग्य तक्रार आल्यावर मंचाने ३६ तासांत ती सामग्री रोखायची असते. ही रोख २१ दिवसांची असते. तेवढ्या काळात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मंचाला ती पुन्हा खुली करता येते. म्हणून तक्रारीबरोबरच वकिलाचा सल्लाही घ्यावा.

आणि हे दुहेरी आहे. चित्रफितीला रंगत यावी म्हणून सिनेगीत जोडणे, दुसऱ्याच्या गाइडातील पानेच्या पाने दाखवणे, हेही पराव्या मालावर हात टाकणेच आहे. वर्गात शिकवताना पुस्तकातील भाग वापरण्याची सूट कायद्याने दिली आहे. पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या चित्रफितीला ती मिळेलच, असे गृहीत धरू नये.

आज किती तरी स्त्रिया घर सांभाळून गणित, शिवणकाम, पेटीवादन, भाषा शिकवत आहेत. त्यांची पुंजी सोन्याच्या बांगड्यांसारखी कपाटात दिसत नाही. ती वह्यांत आणि सवयीच्या शब्दांत असते. बांगडी गहाण टाकताना बाई वजन करून घेते, पावती घेते. धडा देतानाही तेवढेच करावे. कायद्याने तो मुळात शिकवणाऱ्याचाच मानला आहे. तो हातचा जातो तो बहुधा न वाचता केलेल्या एका सहीने.